मोबाईलच्या ऊर्जेचा जमाखर्च

संस्थेच्या आजवरच्या कार्याचा वृत्तांत, देणगीदारांची नामावली आणि हिशेबपत्रके या महोत्सवी स्मरणिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळतीलच. आमच्याकडे संपादक मंडळाने निराळे काम सोपविले. घरातील वडीलधाऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांच्या उपयोगी पडेल असा एखादा शास्त्रीय विषय सोप्या भाषेत मांडावा, अशी मंडळाची सूचना होती. विषयासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. गेल्या हिवाळ्यात संस्थेच्या कचेरीत एक अर्ज आला आणि त्या अर्जानेच हा विषय आमच्यापुढे आणून ठेवला.

अर्ज करणारा तरुण मूळचा नंदुरबारकडचा. पलसाण्याच्या परिसरातील एका डाइंग मिलमध्ये तो पाळीने काम करतो. रात्रपाळीला जाताना फोन पूर्ण भरून घ्यावा, डब्याच्या पिशवीत ठेवून द्यावा आणि सकाळी पाळी सुटताना पाहावे तो फोन बंद पडलेला, असे रोजचेच झाले होते. पाळी बदलल्याचा निरोप फोनवर येतो. तो न मिळाल्यामुळे त्याचे दोन खाडे पडले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावी आई आजारी होती आणि रात्री-अपरात्री काही निरोप यावयाचा झाला तर तो याच फोनवर येणार होता. "बॅटरी गेली, आता नवाच फोन घ्या," असे एका दुकानदाराने त्यास सांगितले. बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे फोनात घालावे आणि फीसाठी संस्थेकडे मदत मागावी, असा त्याचा बेत होता.

आम्ही त्यास एवढेच विचारले, "बॅटरी गेली हे मोजून पाहिले का?" तो म्हणाला, "काका, ते कसं मोजायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही येथे थोड्या विस्ताराने देत आहोत.

शक्ती आणि ऊर्जा

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ऊर्जा म्हणजे एकूण खर्च आणि शक्ती म्हणजे त्या खर्चाचा वेग. नळाची धार किती मोठी आहे हे शक्ती सांगते. तासाभरात हंड्यातून किती पाणी गेले हे ऊर्जा सांगते. शक्ती वॉटमध्ये मोजतात आणि ऊर्जा वॉट-तासांमध्ये. १० वॉटचा दिवा एक तास जळला, तर १० वॉट-तास ऊर्जा खर्च झाली. आपल्या घरच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे असे १००० वॉट-तास होत.

हल्लीच्या पुष्कळशा फोनांच्या खोक्यावर ५००० मिलीअँपिअर-तास असा आकडा छापलेला असतो. बॅटरीत किती विद्युतभार साठतो ते हा आकडा सांगतो. त्यावरून ऊर्जा काढावयाची तर त्यास व्होल्टने गुणावे लागते. फोनच्या लिथियम बॅटरीचा सरासरी दाब ३.८५ व्होल्ट धरला, तर ५ गुणिले ३.८५ म्हणजे सुमारे १९ वॉट-तास होतात. याचा अर्थ असा, की मीटरवरच्या एका युनिटात अशा पन्नासांवर बॅटऱ्या भरतील. चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग धरला, तरी रोज एकदा याप्रमाणे महिनाभर फोन भरून एक युनिट पुरे होत नाही.

सबब हा प्रश्न वीजबिलाचा नव्हे. तो शिदोरीचा प्रश्न आहे. घरून निघताना १९ वॉट-तासांची शिदोरी बांधून दिली आहे आणि ती बारा तासांच्या पाळीला पुरवावयाची आहे. भागाकार केला तर ताशी दीड वॉट-तासाच्या आसपास खर्च करण्याची मुभा मिळते. पडदा बंद करून स्वस्थ ठेवलेल्या निरोगी फोनास यातला अगदी लहानसा अंश पुरतो. असे असता पिशवीत नुसता पडून राहिलेला फोन सकाळपर्यंत रिकामा होतो, तेव्हा शिदोरी कोणीतरी परस्पर खात आहे हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की खाणारा कोण?

मोजण्याच्या तीन रीती

ॲप बनविणाऱ्या कंपन्या आणि विद्यापीठांतील संशोधक हे मोजमाप तीन रीतींनी करतात.

पहिली रीत प्रयोगशाळेतील. फोन उघडून बॅटरीच्या जागी बाहेरून वीजपुरवठा जोडतात आणि त्या वाटेत अत्यंत अल्प विरोधाचा एक तुकडा बसवितात. त्याच्या दोन टोकांमध्ये दाब किती उतरला हे पाहिले, की १८२७ साली जॉर्ज ओहम याने प्रसिद्ध केलेल्या नियमाने प्रवाह किती वाहिला ते कळते. मॉन्सून या नावाचे एक मोजणी-यंत्र या कामासाठी प्रसिद्ध आहे. ते सेकंदाला ५००० वेळा नोंद घेते. इतकी सूक्ष्म नोंद लागते याचे कारण फोनमधील हालचाली सेकंदाच्या सहस्रांशात घडतात आणि मिटतात. ही रीत सर्वांत बिनचूक खरी, परंतु ती संपूर्ण फोनचा खर्च सांगते. त्यातला कोणत्या ॲपचा किती, हे तिला आपण होऊन सांगता येत नाही.

दुसरी रीत फोनच्या पोटातील मापकाची. बॅटरीत किती भार आला आणि किती गेला याची नोंद ठेवणारी एक चकती बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा तिच्याच नोंदीवरून काढलेला असतो. अलीकडे, उदाहरणार्थ गूगलच्या पिक्सेल ६ आणि त्यापुढील फोनांत, पडदा, प्रोसेसर, रेडिओ यांना जाणाऱ्या वीजवाटांवर निरनिराळे मापक बसविलेले आहेत.

तिसरी रीत अंदाजाची. फोन बनविणारा एक कोष्टक भरून देतो: प्रोसेसर अमुक वेगाने चालला तर इतका प्रवाह, पडदा इतका उजळ असेल तर इतका, रेडिओ जागा असेल तर इतका. मग कोणत्या ॲपने कोणते अवयव किती वेळ वापरले हे पाहून गुणाकार करतात. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर ॲपांची जी यादी दिसते, ती बहुतेक अशाच अंदाजाने तयार झालेली असते. येथे वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. त्या यादीत एखाद्या ॲपसमोर २० टक्के लिहिले असेल, तर त्याने बॅटरीचा पाचवा हिस्सा खाल्ला असे लगेच समजू नये. पुष्कळ फोनांत तो आकडा आतापर्यंत झालेल्या खर्चातील वाटा दाखवितो. दिवसभरात खर्चच थोडा झाला असेल, तर त्यातला मोठा वाटाही थोडाच असतो.

बॉयलरचा दृष्टांत

एकूण खर्च मोजणे सोपे, पण तो कोणाच्या नावे मांडावा हे ठरविणे कठीण. आपल्या परिसरातील मंडळींना हे सांगण्यासाठी डाइंग मिलच्या बॉयलरइतका चांगला दृष्टांत नाही. बॉयलर एक आणि त्याच्या वाफेवर चालणारी जेट यंत्रे अनेक. दिवसभरात किती कोळसा जळला हे काट्यावर कळते. पण अमुक रंगाच्या तागांना किती कोळसा लागला हे कोण सांगणार?

यात आणखी एक मेख आहे. एका यंत्राचा घाण संपला आणि पुढचा तासाभराने लागणार असला, तरी बॉयलर विझवीत नाहीत. दाब राखण्यापुरता कोळसा जळतच राहतो. फोनचा रेडिओ नेमके असेच वागतो. निरोप पाठवून झाला तरी आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद जागा राहतो. निरंजन बालसुब्रमण्यन, अरुणा बालसुब्रमण्यन आणि अरुण वेंकटरमणी या संशोधकांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात हे मोजले आणि २००९ साली प्रसिद्ध केले. त्या वेळच्या ३जी जाळ्यावर नेहमीच्या देवाणघेवाणीतील जवळजवळ ६० टक्के ऊर्जा काम संपल्यानंतरच्या या जागरणात वाया जाते, असे त्यांस आढळले.

हिशेब करून पाहावा. जागरण बारा सेकंदांचे धरू. एखादे ॲप दर मिनिटाला एवढासा निरोप पाठवीत असेल, तर तासाला साठ जागरणे, म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे पुरी बारा मिनिटे रेडिओ फुकट जागा राहिला. तेच साठ निरोप गोळा करून तासाच्या शेवटी एकदम पाठविले, तर एकच जागरण पुरते. काम तेवढेच झाले, पण खर्च कितीतरी घटला. मिलमधला जाणता सुपरवायझर घाण लागोपाठ लावतो, तो याचसाठी. ४जी आणि ५जी जाळ्यांवर जागरणाचा काळ निराळा असतो, पण तत्त्व तेच. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ साली डोझ नावाची सोय आली तीही याच तत्त्वावर: फोन स्वस्थ पडलेला आणि पडदा बंद असेल, तेव्हा सर्व ॲपांची किरकोळ कामे थोपवून धरावयाची आणि मधूनमधून एकदमच उरकावयाची.

दुसरा शोध २०१२ सालचा. पर्ड्यू विद्यापीठातील अभिनव पाठक व चार्ली हू आणि त्यांचे सहकारी मिंग झांग यांनी ॲपच्या आतील कोणता भाग किती ऊर्जा खातो याचा हिशेब मांडण्याचे साधन तयार केले. फुकट मिळणारी काही लोकप्रिय ॲपे त्यांनी तपासली, तेव्हा ६५ ते ७५ टक्के ऊर्जा मूळ खेळावर किंवा मजकुरावर खर्च होत नसून, जाहिराती आणून दाखविणाऱ्या परक्या भागांवर खर्च होत असल्याचे दिसले. ज्यास आपण फुकट म्हणतो त्याची किंमत बॅटरीतून वसूल होते, ती अशी.

मोजमापाने लोकप्रवादही तपासून घेता येतात. पडदा काळा ठेवला की बॅटरी खूप वाचते, असे सर्रास सांगितले जाते. पर्ड्यू विद्यापीठातच २०२१ साली ओएलईडी पडद्याच्या फोनांवर हे मोजले गेले. पडद्याचे तेज पूर्ण असेल तेव्हा बचत सरासरी ३९ ते ४७ टक्के भरली. पण घरात आपण ठेवतो तसे ३० ते ५० टक्के तेज असताना ती अवघी ३ ते ९ टक्के निघाली. सांगणारे खोटे बोलत नव्हते, पण त्यांनी अट सांगितली नव्हती.

खर्च आणि गळती

येथे कोणी असे समजू नये, की ऊर्जा खाणारे प्रत्येक ॲप दोषी आहे. आपल्यापैकी ज्यांची शेती अजून खानदेशात आहे, त्यांनी महाराष्ट्र शासनाचे ई-पीक पाहणी ॲप वापरले असेल. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर सुरू झाले. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढावयाचा आणि जागेच्या नोंदीसह पाठवावयाचा. यात कॅमेरा चालतो, उपग्रहांवरून स्थान शोधले जाते, उन्हात दिसावे म्हणून पडद्याचे तेज चढविलेले असते, आणि शिवारात जाळे अशक्त असेल तर रेडिओस अधिक जोर लावावा लागतो. चार खर्च एकदम होतात आणि बॅटरी भराभर उतरते. परंतु हा खर्च कामाचा आहे आणि काम आटोपले की तो थांबतो. लग्नघरी धान्य अधिक लागले म्हणून कोणी कोठीवाल्यास चोर म्हणत नाही. चोरी ती, की कार्य उरकल्यावरही कोठी रिकामी होत राहते.

ॲपमधील अशी गळती पुष्कळदा एका साध्या चुकीने होते. प्रोसेसरने झोपू नये असा हुकूम ॲप सोडते आणि काम संपल्यावर तो मागे घेण्यास विसरते. २०२५ साली गूगलने याचे एक माप ठरविले. पडदा बंद असता एखादे ॲप चोवीस तासांत एकूण २ तासांहून अधिक काळ योग्य कारणावाचून फोनला असे जागे ठेवीत असेल, तर ते अतिरेकी मानावे, असे ते माप आहे.

तीन रात्रींची परीक्षा

आता आपल्या तरुणाकडे वळू. आमच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. एक वही आणि घड्याळ एवढेच होते. परंतु खऱ्या प्रयोगशाळेचे नियम घरीही पाळता येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाकी सर्व, म्हणजे जागा, जाळे, वेळ, पडद्याचे तेज, तेच ठेवावे. चार्जरची तार लावून मोजू नये, कारण एकीकडून भरणे चालू असता दुसरीकडून किती गळते ते कळत नाही. बॅटरी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असता मोजू नये; तेथे टक्क्यांचा आकडा फसवितो. आणि एका वेळच्या मोजणीवर निकाल देऊ नये.

त्याच्या सुटीच्या आठवड्यात आम्ही याप्रमाणे तीन रात्री मोजल्या. फोन रात्री १० वाजता ९५ टक्क्यांवर ठेवावा, हात लावू नये, सकाळी ६ वाजता पाहावे. पहिल्या रात्री सर्व काही जसेच्या तसे ठेवले. सकाळी आकडा ३७ होता. म्हणजे ५८ टक्के गेले. बॅटरी नवी धरली तर हे ११ वॉट-तास झाले. आठ तासांनी भागता सुमारे १.४ वॉट. फोन हाताला कोमट लागत होता.

दुसऱ्या रात्री बॅटरीच्या पानावर यादीत सर्वांत वर दिसणारे एक ॲप काढून टाकले. तो एक फुकटचा खेळ होता. सकाळी आकडा ८८. आठ तासांत केवळ ७ टक्के, म्हणजे ०.१७ वॉट.

येथेच थांबून निकाल देण्याचा मोह झाला. पण दुसऱ्या रात्री जाळे चांगले असेल, हवा थंड असेल, काहीही असेल. म्हणून तिसऱ्या रात्री तोच खेळ पुन्हा बसविला. सकाळी आकडा ४०. गेलेले टक्के ५५. आता शंकेस जागा उरली नाही. खेळ उघडलेला नसतानाही तो रात्रभर फोनला जागा ठेवीत होता, आणि फोनचे स्थान पाहण्याची परवानगी त्यास सदासर्वकाळ दिलेली होती. मिलमध्ये जाळे अशक्त असल्यामुळे तेथे खर्च घरच्याहून अधिक होत असला पाहिजे. तरुणाने खेळ कायमचा काढला. बॅटरी निर्दोष होती, फोन निर्दोष होता. फीचे पैसे फीला गेले. आईचा निरोप आता पहाटे तीनलाही पोहोचतो.

याच्या उलट एक उदाहरण सांगितले नाही, तर लेख एकांगी होईल. आमच्या शेजारच्या एका मावशींचा फोन दुपारीच मान टाकीत असे आणि त्यांचा सारा राग व्हॉट्सॲपवर होता. त्यांच्या फोनची हीच परीक्षा घेतली. व्हॉट्सॲप काढले, फरक नाही. विमान-मोडवर टाकून सर्व जाळे बंद केले, तरी आकडा भराभर उतरला. येथे ॲप निर्दोष होते. बॅटरीच थकली होती. लिथियम बॅटरी प्रत्येक भरण्याबरोबर थोडी थोडी झिजते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे, की नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही मूळ क्षमतेच्या निदान ८० टक्के राहिली पाहिजे, आणि एका भरण्यात फोन किती तास चालतो हे वेष्टनावरच्या पत्रकात छापले पाहिजे. मावशींनी नवी बॅटरी बसवून घेतली आणि तोच फोन अजून वापरीत आहेत.

दोन्ही उदाहरणांत पहिला संशय चुकीचा ठरला. एकीकडे बॅटरीवर आळ आला आणि दोषी ॲप निघाले. दुसरीकडे ॲपवर आळ आला आणि दोषी बॅटरी निघाली. न मोजता निर्णय घेतला असता, तर दोन्ही घरांत पैसा गेला असता, आणि पहिल्या घरात तर नव्या फोनवर तोच खेळ बसून तेच दुखणे पुन्हा सुरू झाले असते.

आमची संस्था देणगीदारांच्या पै-पैचा हिशेब ठेवीत आली आहे. तिजोरीत खड्डा दिसला तर आम्ही कोणावर आळ घेण्यापूर्वी वही उघडतो. फोनच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी, असे आम्हांस वाटते. शिष्यवृत्तीच्या अर्जांत हल्ली फोनसाठी मदतीची विनंती वरचेवर येते. काहींची गरज खरी असते आणि त्यांना मदत मिळालीच पाहिजे. पण ज्या फोनला केवळ एक ॲप काढण्याची गरज आहे, त्याच्यासाठी दहा-बारा हजार रुपये जाणे बरे नव्हे. यास्तव तीन रात्रींच्या परीक्षेचा एक कोरा तक्ता आम्ही वाचनालयात ठेवला आहे. तारीख, रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा आणि काय बदलले, असे चारच रकाने त्यात आहेत. ज्यांस हवा त्यांनी न्यावा, भरावा आणि आणून दाखवावा. आकड्यांचा अर्थ लावण्यास आम्ही रविवारी सकाळी तेथे असतोच.